मागं उतरायचं नाही

१२ एप्रिल

पाहिली एकदाची खाण! कोळशाची, इंग्रजांच्या काळातली, कधीच बंद पडलेली. चंद्रपूरला आले तीच मुळी त्यासाठी. ताईला वाटतंय, तिच्या डोहाळजेवणासाठी. असो!

ताईचे यजमान, सोमेश्वर भाऊजी, खाणीच्याच कंपनीत आहेत. खाणीचा थोडा भाग लोकांना बघायला उघडा ठेवलाय, तो त्यांनी फिरवून आणला. डोक्यावर हेल्मेट, पायात कुणाचे तरी मोठाले बूट. उतरण्याआधी काडेपेटी, मोबाइल, सगळं काढून घेतलं. भाऊजी काठीने छत ठोकत पुढे. टणक वाजलं की चला, पोकळ वाजलं की मागे फिरा. मीही ठोकून पाहिलं. माठ घेताना आपण वाजवतो ना, तसंच!

माझे प्रश्न संपेनात. शेवटी भाऊजींनी हात जोडले — "बाई, खाणीत भरती व्हायचंय का?"

काय सांगू? मल्हारी (तोंडावर 'अहो', इथे मल्हारीच!) आणि धाकटा दीर कल्याण जुन्या विहिरींचा गाळ काढतात. हेल्मेट नाही की काही नाही. मल्हारी विहिरीत उतरला की तो घरी येईपर्यंत मी दारातच उभी.

१३ एप्रिल

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. विचारलं होतं, आत कुणी गॅसने बेशुद्ध पडला तर? भाऊजी म्हणाले, "मागं उतरायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी. आधी हवा तपासायची. नाहीतर एकाचे दोन जातात."

१५ एप्रिल

घरी, भोकरदनला. जेवताना सगळं सांगितलं. मल्हारी मन लावून ऐकत होता. 'मागं उतरायचं नाही' म्हटलं मात्र, त्याने ताट बाजूला सारलं.

माझी जीभ! आमच्याकडे प्रत्येक विहिरीच्या कामाआधी नारळ फुटतो तो सासऱ्यांच्या नावाने. बेशुद्ध पडलेल्या भावामागे ते विहिरीत उतरले, दोघेही गेले. गाव अजून नाव काढतं. नारळ फोडायचा मान सासूबाईंचा.

"म्हंजी माझा बाप येडा व्हता?" मल्हारी ताटावरून उठला. कल्याण म्हणाला, "वैनी, दादा खाली पडला तर मी वर बसून बघू का?"

हो, बघ! — म्हणून गेले मी. सासूबाई खरकटी गोळा करत राहिल्या.

१६ एप्रिल

मल्हारी बोलत नाही. उद्याची विहीर कित्येक वर्षं झाकलेली आहे. आत गॅस साठला असणार. गॅस मोजायचं मशीन भाड्याने मिळतं का, बाजारात विचारत फिरले. एकाने टेबलफॅन दाखवला!

१७ एप्रिल

विहिरीवर सासूबाईंनी नारळ हातात घेतलाच नाही. सगळ्यांसमोर मल्हारीला म्हणाल्या, "तुझा बाप उतरून राह्यल्ता तवा म्या त्याचा हात धरल्ता. घट धरल्ता. सगळं गाव माझ्याकडं बघून राह्यलं व्हतं. लाज वाटली. मंग म्या सोडला."