लाल दोऱ्याचा गडू

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून बंद. अगदी बंद. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसच्या एका शब्दाखातर चाळीस दिवस चॉकलेट सोडलं होतं, तिथे ब्रँडीचं काय! डॉक्टर अगदी पोरगेला. तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरणं, सगळं म्हणे दारूमुळे. ‘दारू’ म्हणाला! मी सर्दीसाठी दोन झाकणं घेते. आठवण पुसली की मेंदू स्वतःच गोष्ट रचून ती जागा भरतो, असंही म्हणाला. वक्तृत्वात पहिली येणाऱ्या बाईला हे ऐकवतो! इथल्या गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्याच झिजल्यात, म्हणून तोल जातो.

५ नोव्हेंबर
लखनौहून इराचा फोन. तिचं सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे, तेवढे दिवस रुचाला माझ्याकडे ठेवील. “पण आई, तू बरी असशील तरच.” लेकीनं आईला अट घालावी! पाच वर्षांची नात, नुसती हिंदी बोलते. तिला मराठी शिकवीन. केस विंचरून देईन, इराचे द्यायची तसे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
निश्चय : घरात बाटली नको. नाहीच ठेवली. उरलेली ब्रँडी देवघरातल्या गंगाजळाच्या गडूत ओतली. गीता झाडूपोछा करते, पण देवघराला हात लावत नाही. फेकवेना. ह्यांनी आणलेली शेवटची बाटली. झाकण उघडलं की ह्यांचा वास येतो. गडू दोन, सारखेच. लाल दोरा बांधलाय तो ब्रँडीचा. इथे लिहिलं, काळजी मिटली.

१० नोव्हेंबर
थंडी. एकच झाकण. थंडीबद्दल डॉक्टर काही बोलला नव्हता.
गीता म्हणाली, “अम्माजी, आज तो चार बार पूजा हो गई!” माझी भक्ती तिला काय कळणार!

१५ नोव्हेंबर, शनिवार
काल इरा रुचाला घेऊन आली. रुचा माझ्या कुशीत झोपली. सकाळी पूजेनंतर तिच्या इवल्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं, लाल दोऱ्याच्या गडूतलं. लाल दोरा गंगेचा, हे मला पक्कं आठवतं. प्यायली, ठसका लागला, रडायला लागली. “आजी, गंगाजी इतनी कड़वी क्यों हैं?”
इरानं तिचा हात हुंगला. मग गडू. मी म्हटलं, हल्ली गंगेत औषधं सोडतात. ती म्हणाली, “आई, निदान हिच्यासमोर तरी खरं बोल.”
मी खरंच बोलत होते.

१६ नोव्हेंबर
दुपारच्या गाडीनं दोघी गेल्या. पुन्हा आणणार नाही, म्हणाली इरा. जाताना दोन्ही गडू घासून पालथे घातले. दोरा कचऱ्यात. रुचानं रिक्षातून हात हलवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
उद्या रुचा येणार!
पलंगाखाली एक छोटा गुलाबी मोजा सापडला. इराचा, लहानपणचा. किती जपून ठेवलाय मी! रुचाला होईल. गीताला दाखवला, तर पदरानं डोळे पुसत बसली. हिचं हल्ली काही कळत नाही.
गडू लख्ख आहेत. दोन्ही भरले, एकात दुकानातून आणलेलं सर्दीचं औषध. एकाला लाल दोरा बांधला. कशाला, ते लिहायला नको. लक्षात राहील.