गोळी देण्यापूर्वीचे तीन प्रश्न

काका, तुम्हाला पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही हे जाणून लिहिते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुम्ही हयात असताना मी तुमच्यासमोर चार वाक्येही धड बोलले नाही, आणि आता तुम्हाला जाऊन आठ वर्षे झाल्यावर पानेच्या पाने लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अच्छा, म्हणजे तोंड नाही, पण हात चालतो." तसेच आहे. माझे पहिल्यापासून तसेच होते.

मी तुमच्याकडे आले तेव्हा दिल्लीची द्वारका वसाहत अर्धीच बांधलेली होती. सेक्टरांना क्रमांक होते, पण रस्त्यांना दिवे नव्हते. सोसायट्यांच्या पाट्या आधी लागल्या होत्या आणि इमारती मागाहून वर येत होत्या. सकाळी पाण्याचा टँकर यायचा आणि दिवसभर पालमकडे उतरणारी विमाने इतकी खालून जायची की तुमच्या औषधांच्या कपाटाची काच थरथरायची. वडिलांच्या पलटणीतले तुम्ही, सैन्याच्या इस्पितळात फार्मासिस्ट म्हणून वीस वर्षे काढलेले, निवृत्तीनंतर तिथल्या नव्या बाजारातल्या पहिल्या उघडलेल्या गाळ्यात दुकान थाटून बसलेले. मी बोर्डात आलेली, मराठी माध्यमातली, स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आलेली मुलगी. सकाळी मी तुमच्या मागच्या खोलीत अभ्यास करायचे आणि दुपारी काउंटरवर बसायचे. काकू म्हणायच्या, "बस गं दुकानात थोडी, माणसांत येशील." मी माणसांत आले नाही. स्टुलावर आले, एवढेच.

तुमची पहिली बोलणी मला शब्दशः आठवतात. एका बाईंना मी खोकल्याचे औषध कसे घ्यायचे ते सांगत होते आणि त्या तीनदा "क्या?" म्हणाल्या. त्या गेल्यावर तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "अगं, हे काउंटर आहे, देवघर नाही. पुटपुटून चालत नाही इथे. समोरच्याला ऐकू गेलं पाहिजे. बोर्डात आलीस ना तू? की त्यांनी तोंडी परीक्षा घेतलीच नव्हती?" मी हसले नाही. तुम्ही मात्र स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसत होतात.

त्या भागात तेव्हा डॉक्टर जवळपास नव्हताच. बांधकामावरची माणसे थेट तुमच्याकडे यायची. चिठ्ठी नसेल तर तुम्ही शंकेच्या गिऱ्हाइकाला सरकारी इस्पितळाच्या बसचा नंबर सांगून परत पाठवायचात, पण साध्या दुखण्यांना औषध द्यायचात. एक औषध मात्र तुम्ही वेगळ्या डब्यात ठेवले होते. प्राझिक्वांटेल. पट्टकृमीवरची गोळी. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पट्टकृमीच्या जीवनचक्राची आकृती होती आणि तिला मला पैकीच्या पैकी गुण होते. त्याचे डोके, चूषके, एकामागून एक सुटणारे खंड, सगळे मला येत होते. तुम्ही ती आकृती ऐकून घेतलीत आणि म्हणालात, "बिल्कुल बरोबर. आता पुस्तकात नाही ते ऐक. किडा आतड्यात आहे तोवर ही गोळी चांगली. पण त्याची अंडी पोटात जाऊन, रक्तातून मेंदूत पोचून बसलेली असतील, तर ही गोळी तिथेही पोचते. आणि मेंदूत मरणारा किडा जिवंत किड्यापेक्षा वाईट. सूज येते, झटके येतात. एक शिपाई माझ्या डोळ्यांसमोर गेला असा. म्हणून गोळी देण्याआधी तीन प्रश्न. कधी झटके आले होते का? डोकं सतत दुखतं का, उलट्या होतात का? नजर धूसर झाली आहे का? एकाचंही उत्तर हो असेल तर गोळी नाही, इस्पितळ. आणि हे तोंडाने विचारायचं. त्याच्या तोंडाकडे बघत."

त्या रात्री मी ते तीन प्रश्न हिंदीत, सुवाच्य देवनागरीत, एका जाड कार्डावर लिहिले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला दाखवले. तुम्ही ते उजेडात धरलेत. "वा, अक्षर बघा. छापल्यासारखं. पण हे तुला पाठ करायला, कळलं? गिऱ्हाइकापुढे सरकवायला नाही." मी मान हलवली. तुम्ही मला नेमके ओळखले होते.

तो सोमवार होता. सोमवारी तुम्ही जुन्या दिल्लीच्या घाऊक बाजारात माल आणायला जायचात. समोरच्या सोसायटीत फरशा बसवणारा एक मिस्त्री आला. मी त्याला रोज चहाच्या टपरीवर पाहत होते. तो दुकानाबाहेर उभा राहिला, एक बाई औषध घेऊन जाईपर्यंत थांबला, मग आत आला आणि प्राझिक्वांटेलची रिकामी पट्टी काउंटरवर ठेवली.

"मैडम जी, यही वाली. हमारे साथ के एक लड़के ने खाई थी, ठीक हो गया।" मग आवाज आणखी खाली आणला. "वो... सफेद-सफेद टुकड़े निकलते हैं।"

त्याला लाज वाटत होती, आणि मला त्याच्याहून जास्त. तीस-पस्तिशीचा परका पुरुष मला त्याच्या शौचाविषयी सांगत होता आणि आता मी त्याला आणखी प्रश्न विचारायचे होते, माझ्या मोडक्या हिंदीत, ऐकू जाईल अशा आवाजात. मी खण उघडला आणि कार्ड त्याच्यापुढे सरकवले. "ये पढ़ लीजिए," मी म्हणाले. त्याने ते हातात घेतले. त्याचा अंगठा पहिल्या ओळीवर होता आणि सिमेंटचा पांढरा ठसा तिथे उमटला. त्याने कार्डाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले, मला काय हवे आहे ते माझ्या चेहऱ्यावर शोधल्यासारखे. डोळे ओळीवरून सरकले नाहीत. वाचणाऱ्याचे डोळे कसे सरकतात हे मला ठाऊक होते. आयुष्यभर मी दुसरे काय केले होते? मी विचारले, "ठीक है?" तो म्हणाला, "हाँ जी, ठीक है।" मी गोळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्याचा ठेकेदार तुम्हाला बोलवायला आला. मिस्त्रीला जिन्यावर झटका आला होता, तो सात-आठ पायऱ्या घसरत खाली आला होता, डावा हात मोडला होता. खिशात आपल्या दुकानाची पुडी सापडली होती. तुम्ही दुकान माझ्यावर सोडून त्याच्याबरोबर इस्पितळात गेलात. दुपारी दोघे परत आलात तेव्हा तुमचा शर्ट घामाने चिकटला होता. तुम्ही बसला नाहीत.

"लहानपणी गावात दोनदा झटके आले होते म्हणे त्याला. म्हणतो, दुकानात कुणी विचारलंच नाही. तू विचारलं होतंस?"

"हो."

"तिन्ही?"

"तिन्ही."

तुम्ही एक क्षणही विचार केला नाहीत. ठेकेदाराकडे वळलात. "देखिए, हमारी लड़की बोर्ड में आई हुई है। झूठ नहीं बोलती। आपके आदमी ने छुपाया है।"

ठेकेदार हातातले हेल्मेट मांडीवर आपटत म्हणाला, "बस बाऊजी, सुन लिया। मिर्गी से मुझे दिक्कत नहीं थी। नीचे बिठाकर टाइलें कटवाता, काम तो था। पर जो छुपाता है उसको मैं छत पर कैसे भेजूँ? कल को गिरेगा तो मुझे भी ले जाएगा।"

मी तिथेच होते. काउंटरच्या मागे, तुमच्यापासून दोन हातांवर. तेव्हा एक वाक्य पुरे होते आणि ते मराठीत सांगितले असते तरी चालले असते. मी खोकल्याच्या बाटल्यांची तोंडे पुढे करत राहिले.

कार्डाविषयी तो काहीच बोलला नाही. ज्याला वाचता येत नाही तो ते सहसा सांगत नाही. तो फक्त "पूछा नहीं" एवढेच म्हणाला आणि ते अक्षरशः खरे होते.

चार-पाच दिवसांनी तो जाण्यापूर्वी दुकानात आला. हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात चादरीचे गाठोडे. तुम्हाला म्हणाला, "बाबूजी, मैंने कुछ नहीं छुपाया। पूछते तो बता देता।" तुम्ही त्याला स्टूल दिलेत, पाणी दिलेत, इस्पितळाच्या चिठ्ठीवरची झटक्यांची औषधे कशी घ्यायची ते दोनदा समजावलेत, बंद करायची नाहीत हे बजावलेत. मग खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "चलो, जो हुआ सो हुआ। आगे से सच बताना, हाँ?" त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मी पाहिले. त्याचे ओठ हलले आणि मग त्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि "जी" म्हणाला.

मला त्या वेळी काय वाटले, असे कुणी विचारले तर मला सांगता येणार नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला नसतो, तसे काहीतरी. संध्याकाळी मी राज्यघटनेचे एक प्रकरण वाचून संपवले. टिपणेही काढली.

परीक्षा मला जमली नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या कचेरीत नोकरी मिळाली, पत्रांचे मसुदे करण्याची. मी निघाले त्या दिवशी तुम्ही मनगटी घड्याळ दिलेत आणि काकूंना म्हणालात, "हिच्या शब्दावर मी दुकान टाकून बाजारात जायचो. असं माणूस मिळत नाही." काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी वाकून नमस्कार केला. घड्याळ उत्तम चालते. रोज घालते.

तुम्ही गेल्याचे काकूंनी फोनवर कळवले तेव्हा मी कचेरीत होते. मी "अरेरे" म्हणाले, कधी, कसे, ते विचारले. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की मला सुटल्यासारखे वाटते आहे. आता कुणी पुन्हा विचारणार नव्हते. त्या भावनेची मला लाजही वाटली नाही; ती तेवढी मोठी नव्हतीच.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंनी एक चिठ्ठी आणून दाखवली. "दीदी, देखो तो, ये गोली कैसे खानी है?" प्राझिक्वांटेल. मी हात पुसले आणि ओट्याशी उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत तीन प्रश्न विचारले. त्यांनी तीनदा "ना" म्हटले आणि तिसऱ्या प्रश्नावर हसून म्हणाल्या, "आँखें तो आपकी खराब हैं दीदी, मेरी नहीं।" सगळे मिळून अर्धे मिनिटही लागले नाही. मी नकळत घड्याळ पाहिले होते. अर्धे मिनिट. एका माणसाचे काम आणि त्याचा शब्द, दोन्ही वाचायला तेवढाच वेळ पुरला असता.

तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात ते माझ्यामुळे. तुमच्या तोंडून गेलेला एकच खोटा शब्द मला ठाऊक आहे आणि तो माझा होता. हे तुम्हाला सांगायचे होते.

पण काका, एवढे लिहून झाल्यावर मान्य केले पाहिजे की हे पत्र तुमचे नाही. त्या मिस्त्रीचे गाव तुम्ही इस्पितळाच्या चिठ्ठीच्या नकलेवर लिहून घेतले होते. ती नक्कल काकूंच्या फायलीत अजून असेल. काकू अजून त्याच घरी राहतात. इथून रिक्षाने दहा मिनिटे. मी गेलेले नाही. तुम्हाला लिहिणे सोपे होते, म्हणून तुम्हाला लिहिले.

शनिवार, ४ नोव्हेंबर, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. पाठवलेले नाही.