आमच्या घराण्यातलं पित्त

९ एप्रिल, सकाळ

नळ आले. आठवड्यानं आले, पण आले. मोटर बंद पडली म्हणून भरलेला ड्रम हातानं सरकवायला गेलो आणि डोक्यात मागच्या बाजूनं एकदम हातोडा. आधी काहीच नाही, पुढच्या क्षणाला सगळंच. जिन्याच्या पायरीवर बसलो. उलटी झाली. उलटी झाली म्हणजे पित्त. विषय संपला.

सुरेखा म्हणाली, दवाखान्यात चला. इतकी वर्षं संसार करून बायकोला एवढं कळू नये? आमच्या घराण्यातच पित्त आहे. वडलांना, म्हणजे आमच्या दादांना, होतं. दादा तर त्यातच गेले. मोंढ्याच्या बाजारात भुईमुगाची पोती उतरवताना डोकं धरून खाली बसले, उलटी केली, दुपारपर्यंत सगळं संपलं. पित्त डोक्यात चढलं, असं अख्खं गाव म्हणालं. अख्खं गाव कसं चुकेल? इतक्या जुन्या, घरच्या पित्ताला डॉक्टरसमोर उभं करणं म्हणजे सख्ख्या भावाला पोलिसात देणं.

निश्चय: उद्यापासून चहा बंद.

१० एप्रिल

चहा बंद. सकाळचा घेतला, पण तो धरायचा नाही. निश्चय आंघोळीनंतर सुरू होतो.

मोनिकाचा पुण्याहून फोन. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. तिचंही डोकं दुखतं म्हणे, परीक्षा आली की जास्त. बापाला भरून आलं. रक्त शेवटी आपलंच. कोकम सरबत घे म्हणालो.

दुपारचा चहा अर्धाच घेतला. दोनदा.

१२ एप्रिल

शेजारच्या द्वारकाबाई आल्या. भाऊ, डोकं लई ठणकतंय, म्हणाल्या. कॉलनीत दुखलंखुपलं की आधी मला विचारतात. विमा एजंट असल्यामुळे माझा आजारांचा अभ्यास आहे. पित्त, असं सांगून सरबत दिलं. तरी बाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्याच आणि संध्याकाळी चष्मा लावून आल्या. आता दुखायचं थांबलंय.

सरबत माझं, नाव चष्म्याचं. असो.

१४ एप्रिल

सुरेखानं छावणी बाजारातून बीपीचं मशीन आणलं. गयासच्या दुकानातून. गयास माझा शाळेपासूनचा दोस्त, सर्जिकल सामान विकतो. पट्टा बांधला. १९६ आणि ११४. मी हसलो. एवढं बीपी असलेला माणूस हसू शकतो का? मशीन तिथंच खोटं ठरलं. सुरेखाचं बघितलं तर ११८ आणि ७६. म्हणजे गयासनं लेडीज मशीन दिलंय.

१५ एप्रिल

मशीन बदलायला गेलो. गयासनं नवीन खोक्यातून काढून लावलं. १९०. मग स्वतःच्या दंडाला लावलं. एकदम नॉर्मल. मी म्हणालो, तुमच्या छावणीत व्होल्टेज वरखाली होतं. तो म्हणाला, सेलपे चलती ये. वर म्हणाला, अरे मियाँ, मशीनां कित्ते बदलता, डॉक्टर कने जा ना. गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दुकानात पाठवतो, म्हणून तर अजून त्याची दुसरी शाखा निघाली नाही.

तिसरं मशीन घेऊन घरी आलो. लावलं नाही. उगाच आणखी एक बिघडायचं.

१८ एप्रिल

सुरेखा म्हणते, मी डॉक्टरला घाबरतो. मी? अहो, घाबरवणं हा माझा धंदा आहे. पॉलिसी समजावताना मध्येच बोलायचं थांबतो, छातीवर हात, डोळे फिरवतो आणि धपकन खुर्चीत पडतो. मग एक डोळा उघडून विचारतो, आता पोराबाळांकडे कोण बघणार? सही. तंत्र एवढंच, की खुर्ची कुठं आहे ते आधी बघून ठेवायचं. शाखेत याला माझ्या नावानं 'गोकुळ सीन' म्हणतात. नवीन पोरांना शिकवतात.

डॉक्टर हेच करतो, फक्त खुर्चीत समोरच्याला पाडतो. लोकांना घाबरवून दोन घास खाणारा माणूस असल्या गोष्टींना फसत नसतो.

२७ तारखेला मंदिराच्या सभामंडपात कॉलनीसाठी माझं भाषण आहे. विषय: 'अचानक काही झालं तर?' तोपर्यंत आजारी पडायला वेळ नाही.

२० एप्रिल, रविवार

नाशिकचे साडू, विश्वजीतराव, आलेत. त्यांना वेरूळला नेलं. खिशात कांदा ठेवला होता, ऊन लागायची भीती नाही. कैलास लेण्यात शिरलो आणि पुन्हा तोच हातोडा. मान लाकडासारखी झाली. समोर अंगणात दगडाचे चार हत्ती दिसले. लहानपणापासून तिथं दोनच आहेत. विश्वजीतरावांना विचारलं नाही, त्यांना उगाच नाशिकपर्यंत विषय मिळाला असता. सावलीत बसून, डोळे मिटून, त्यांना राष्ट्रकूटांची माहिती दिली. त्यांना वाटलं मी तल्लीन झालोय.

कांदा बहुतेक शिळा होता.

२३ एप्रिल

सुरेखानं मला न विचारता मेंदूच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. मेंदूच्या! कॉलनीत कळलं तर वेडा झालो म्हणतील. गेलो नाही. एका क्लायंटचा अर्जंट फोन आला. म्हणजे मीच केला, पण अर्जंट होता.

संध्याकाळी सुरेखा ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती. कांदा चिरत असेल म्हणून मी पेपर वाचत बसलो. नंतर लक्षात आलं, घरातला शेवटचा कांदा माझ्या खिशात आहे.

तिला शब्द दिला. भाषण झालं की २८ ला नक्की.

२६ एप्रिल

भाषणाची तयारी जोरात. छातीचा सीन आता जुना झालाय, बायका आधीच हसायला लागतात. नवीन बसवला: डोक्याचा. एकदम डोकं धरायचं, खाली बसायचं, ओकारीचा आवाज काढायचा. हे मला कुणी शिकवायची गरज नाही. दादांना बघितलंय. कॉलेजात होतो, त्या दिवशी पोती मोजायला मीच गेलो होतो. त्यांनी आधी डोळ्यांवर हात धरला होता, ऊन लागल्यासारखा. तो हात तसाच घ्यायचा.

दादांचं तेव्हा वय माझ्या आत्ताच्या वयाएवढंच होतं. ही ओळ भाषणात घालावी का? नको. लोक रडत बसतात आणि फॉर्म भरत नाहीत.

२७ एप्रिल, सकाळ

मान जरा धरलीये. उशी. प्रेस केलेला शर्ट, नवीन पेन. खुर्ची व्यासपीठाच्या डाव्या बाजूला ठेवायला सांगितलीये, गादीवाली. आज किमान पाच फॉर्म.

९ मे, हॉस्पिटल

आज पेन हातात धरता आलं. अक्षर माझंच आहे, जरा दारू प्यायलेलं दिसतंय.

सुरेखानं आणि भाषणाला आलेल्या गयासनं सांगितलं ते लिहून ठेवतो. मी नमस्कार म्हणालो, उपस्थितांचं स्वागत केलं, आणि सीनची जागा अजून लांब होती तेव्हाच डोकं धरून खाली बसलो. आधी डोळ्यांवर हात धरला होता म्हणे. उलटी केली. तिथंच पडलो, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या उलटीला तर वन्समोअर मिळाला. द्वारकाबाई चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, काय हुबेहूब करतोय बाई. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सीन, आणि एकही फॉर्म नाही.

फक्त सुरेखा धावत आली. तिला कसं कळलं, विचारलं. म्हणाली, तुम्ही खुर्ची नसलेल्या बाजूला पडलात. तुम्ही असं कधी पडत नाही.

गयासनं गाडी कशी हाणली ते तो सांगत नाही. नुसता म्हणतो, चुप बैठ.

डोक्यातली बारीक नस फुटली होती. बीपीमुळे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून बोलताय. आधीचे दोन झटके हा त्या नसेचा इशारा होता. असं एकाएकी, वीज पडल्यासारखं डोकं दुखलं की सरबत करत बसायचं नसतं, सरळ निघायचं असतं. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला असा त्रास? सुरेखानं सवयीनं सांगितलं, सासऱ्यांना पित्त होतं, त्यातच गेले. डॉक्टरांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. कसे गेले, विचारलं. मी सांगितलं. मोंढा, पोती, डोळ्यांवर हात, उलटी. मला पाठच आहे.

ते म्हणाले, हे पित्त नव्हतं. तुम्हाला झालं तेच होतं.

बीपीची एक गोळी रोज घेतली असती तर दादा वाचले असते का, विचारलं. बहुधा, म्हणाले.

दादांना पित्त नव्हतं. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, अभिमानानं.

दुपारी मोनिका आली. परीक्षा टाकून आली. पिशवीत माझ्यासाठी कोकम सरबताची बाटली. प्रवासात तिचंही डोकं दुखत होतं म्हणाली. काही नाही पप्पा, आपलं पित्त.

सुरेखाला मशीन मागितलं. गयासचं तिसरं. पोरीच्या दंडाला पट्टा मीच बांधला, सुटं टोक तिनं दुसऱ्या हातानं धरून दिलं. आकडा आला. माझ्याइतका नव्हता. पण सुरेखासारखाही नव्हता.

मशीन बरोबर आहे. सिस्टरला हाक मारली.