पन्नास पावलं

३ मार्च, सोमवार
आले सोलापूरला. पहिली नोकरी, पहिली स्वतःची रूम. जुळे सोलापूर, वर पंखा, समोर पाण्याची टाकी. आई म्हणाली रोज मराठीत लिही, म्हणजे पेशंटसमोर अडखळणार नाहीस. म्हणून ही वही.

आमचं क्लिनिक फक्त चक्करवाल्यांचं. कान आणि तोल. मला हा विषय इतका आवडतो की कॉलेजमध्ये सगळे हसायचे. कानाच्या आत चुन्याचे बारीक खडे असतात. ते सुटून भलत्या नळीत गेले की नुसती मान वळवली तरी घर फिरतं. बऱ्याचदा औषधसुद्धा लागत नाही. डोकं दोन हातांत धरायचं, झोपवायचं, थांबायचं, वळवायचं. खडे परत जागेवर.

क्लिनिकचे मुख्य डॉक्टर, आमचे सर, पुण्याला असतात, महिन्यातून दोनदा येतात. बाकी मी आणि शिवबाई मावशी. त्या झाडलोट करतात, पेशंटना रांगेत बसवतात आणि मला चिडवतात. आज त्यांच्यावर पन्नास पावलांची टेस्ट केली. डोळे मिटायचे, हात पुढे, जागच्या जागी पन्नास पावलं. एक कान कमजोर असेल तर माणूस नकळत त्या बाजूला फिरतो. मावशी जराही फिरल्या नाहीत. म्हणाल्या, नवऱ्यानं हाका मारल्या तरी मी फिरत न्हाय, तुमी काय फिरवताय.

१० मार्च, सोमवार
वळसंगच्या महादेवी अव्वा आल्या. एकट्या राहतात. अकरा वर्षं चक्कर. मुलगा म्हणतो घर बंद कर, मोहोळला आमच्याकडे चल. त्यांना घर सोडायचं नाही.

टेस्टमध्ये त्या उजवीकडे वळल्या. उलट बाजूच्या भिंतीकडे तोंड करून परत घेतली, तर डावीकडे. दोन्ही वेळा तोंड खिडकीजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे. हे कुठल्याच पुस्तकात बसत नाही. कानाला डावं-उजवं कळतं, स्टूल कुठे कळणार. विचारलं तर म्हणाल्या, तितं ते बसलंय न्हवं. कोण ते सांगितलं नाही.

मग आडवं केलं. डोकं पलंगाच्या कडेखाली, माझ्या हातांत. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं. डोकं फार जड लागलं, मग एकदम हलकं. परत टेस्ट घेतली, अगदी सरळ. मी इतकी खूश की मावशींना बाहेरचा चहा पाजला.

१७ मार्च, सोमवार
अव्वा दाखवायला आल्या. चक्कर गेली, मुलाचा हट्टही गेला. माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. म्हणाल्या, घर लई मोकळं झालंय. निघताना माझ्या खांद्याशेजारी बघत विचारलं, तुमाला तरास न्हाय न्हवं? मी म्हटलं मला कसला त्रास, एकटीच तर असते.

रूमवर भाकरी खाल्ली. छान होती. सांगायला कोणी नव्हतं.

१९ मार्च, बुधवार
आज सहा पेशंट. सहाही जण डोळे मिटून माझ्याकडे वळत आले. मी जागा बदलली, तरी माझ्याकडेच. सायंटिफिकली काहीच अर्थ नाही. पण खरं सांगू, बरं वाटलं. या गावात कोण वळून बघतं माझ्याकडे.

२१ मार्च, शुक्रवार
मावशींवर परत टेस्ट केली. त्यासुद्धा वळल्या. पण माझ्याकडे नाही. माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. मग कळलं, ते सहा जणही —

मावशींनी डोळे उघडले आणि मला चिडवलं नाही. नंतर फरशी दारातूनच पुसली.

२३ मार्च, रविवार
कालपासून कोणाशी एक शब्द नाही. दुपारी फोन टेबलावर लावून स्वतःची टेस्ट रेकॉर्ड केली. सुरुवात दाराकडे तोंड करून. डोळे उघडले तेव्हा समोर माझी कॉट.

रेकॉर्डिंगमध्ये मी पन्नासला थांबते. पावलांचा आवाज थांबत नाही. एक्कावन्न. बावन्न. मग फोनच्या अगदी जवळ —

पुढचं ऐकलं नाही.

२५ मार्च, मंगळवार
सकाळी कुशीवर वळले आणि खोली फिरली. मला. मलाच.

अव्वांना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, वाईट न्हाय ते. पडू देत न्हाय. पर सोडत बी न्हाय. माझं डोकं हातात धरून ते परत घ्याल का, मी विचारलं. म्हणाल्या, लेकी, मी अकरा वर्सं घेतलं की. मग फोन ठेवला.

२८ मार्च, शुक्रवार
भिंत धरून चालते. सरांना फोनवर फक्त चक्कर सांगितली. हसले. डॉक्टरलाच झालं म्हणाले. उशी घेऊन एकटीने करता येतं, कर.

पण एकटीने केलं तर ते जाणार कुठे? डोकं धरणारा कोणीतरी लागतो.

मावशी स्वतःहून म्हणाल्या, आणा हिकडं, मी धरते. भीत होत्या, तरी हात पुढे केले. पदराला पुसून. घरी दोन नातवंडं आहेत त्यांच्या.

नको म्हटलं.

३० मार्च, पाडवा, दुपार
क्लिनिक बंद. घरमालक गावाला. आईचा फोन आला, आवाज नीट ठेवला.

शेवटी उशी घेतली. दार आतून लावलं, दोनदा बघितलं. खांद्याखाली उशी, मान डावीकडे, डोकं मागे सोडलं. खोली फिरायला लागली. पडतेय असं वाटलं —

धरलं.

दोन हातांनी. कानांवर. बरोबर जसं मी धरते तसं. तीस सेकंद. मग हळूच दुसरीकडे वळवलं. परत तीस. मग उठवून बसवलं.

चक्कर गेली. पूर्ण. खोली एकदम स्थिर.

बसून लिहितेय. दार बंदच आहे. ते हात अजून माझ्या कानांवर आहेत. गार नाहीत. कोमट. सोलापूरला आल्यापासून मला कोणी हात —

पंख्याचा आवाज येत नाही. माझाही नाही. आता डोकं परत वळवतंय, सावकाश, डावीकडे, तिथे जिथे ते —

मी डोळे मिट