माझे लाल हात आणि पप्पूची सुपारी

मु. केदारखेडा, पोळ्यानंतरचा तिसरा दिवस

तीर्थरूप रामराव मामांस,

भुजंगाचा साष्टांग नमस्कार (गुडघा सुजल्यामुळे तूर्त कागदावरच). मामींचा दमा कसा आहे? फोनच केला असता, पण मामी स्पीकर लावतात आणि मग तुमचं अख्खं मस्तगड ऐकतं, म्हणून दुधाच्या गाडीबरोबर हे पत्र देतोय.

मामा, टीव्हीवर दिसलो तो मीच. हातही माझेच. पण ते रक्त नव्हतं हो, सर्जाच्या शिंगांना लावायचा लाल ऑइलपेंट होता. (ऐन वेळी ब्रश सापडला नाही, म्हणून हातानंच फासला. ब्रश नंतर वंदनाच्या पिठाच्या डब्यात सापडला, ते जाऊ द्या.) तोरणाखाली बैल उभे होते, बँड वाजला, सर्जा बुजला आणि कासऱ्याला हिसडा देऊन जो सुटला तो थेट सडकेला. मी त्याच्यामागे, गाव माझ्यामागे. सडकेवर खड्ड्यांची बातमी करायला आलेला एक चॅनलवाला उभा होता. त्याच्या कॅमेऱ्यात सर्जा सापडला नाही, मी सापडलो.

संध्याकाळी बघतो तर बातमीत बैलच नाही! नुसता मी, हातात काठी, हातांभोवती लाल गोल आणि मागं धडाम धडाम संगीत. खाली पट्टी: 'पोळ्याला गालबोट! रक्ताळलेले हात कुणाचे?' मदतीला धावलेलं गाव म्हणे 'संतप्त जमाव'. पाच मिनिटांत मला अकरा वेळा पळवलं; एवढा तर मी सर्जामागंही पळालो नव्हतो. वर वंदनापुढं माईक धरला. ती चुलीच्या धुरानं चुरचुरणारे डोळे पुसत म्हणाली, "सकाळपासून तेच करून राह्यले, हात बघा की! किती सांगितलं, बिलकुल ऐकत न्हाईत." ती रंगाबद्दल बोलत होती. पट्टी आली: 'अखेर पत्नीनंच वाचा फोडली'.

इथवर मीही हसत होतो. पण रविवारी आपल्या पप्पूची सुपारी फुटायची होती, आणि मुलीच्या वडिलांचा निरोप आला, "असल्या घरात पोरगी द्यायची न्हाई." पप्पू तेव्हापासून जेवला नाही (पुरणपोळ्या सोडून). अर्पिता त्याला मनापासून आवडली आहे, आणि पोराचं तोंड बघवत नाही. सोयरीक तुम्ही जुळवलीत, तेव्हा तुम्हीच जाऊन सांगा की गाव शांत आहे आणि व्याही साधा माणूस आहे. पुरावा म्हणून पेंटचा रिकामा डबा सोबत देतोय. अर्धंच दाखवून माणसाचं भलतंच चित्र उभं करणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, मला कळत नाही.

तुमचा भाचा,
भुजंग

ता. क. – पप्पूचा जो फोटो मुलीकडे गेलाय, त्यातला ट्रॅक्टर शेजारी राहणाऱ्या कल्याणचा आहे आणि मागची दुमजली इमारत ग्रामपंचायतीची. आपली आहे असं मी कुठं लिहिलंय? आपलं घर फोटोत मावलं नाही, एवढंच. 'मोसंबी बागायतदार' मात्र खरं आहे, तीन झाडं आहेत.

आणखी एक – ते राजी झाले तर सुपारी तुमच्याच घरी उरका. घर बघायला केदारखेड्यालाच येतो म्हणाले, तर सांगा, टीव्हीवर पाहिलंत ना, गावात अजून तणाव आहे.