प्रावदाच्या संपादकाला शाल-श्रीफळ

मुक्काम मॉस्को

तीर्थरूप भीमाशंकर मामांना भाचा मन्मथचा शरणार्थ. (पत्राच्या डोक्यावर लाल सलाम लिही असं तुम्ही म्हणला होता. तो शेवटी लिहितो, आधी घरचं.) तुमचे गुडघे, मामीची शुगर आणि दुकान बरं असंल असं धरून चालतो. माझी तब्येत तुम्ही लावलेल्या कामामुळं बरी न्हाई.

मामा, मी इथं सेंट्रिंगच्या कामाला आलोय. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाला तुम्ही फोनवर सांगता, प्रावदा पेपरचा समदा इतिहास काढ, वर्धापनदिनाला संपादकाचा सत्कार कर, फोटो पाठव, मग अंजूच्या लग्नाचं बघू. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो, त्याला परीक्षा कोण ठेवतं? (उदगीरच्या स्थळाला तुम्ही फक्त पगार विचारला.)

इतिहास आमच्या साईटवरच्या म्हाताऱ्या क्रेनवाल्यानं सांगितला, समजला तेवढा लिहितो. पेपर निघाला १९१२ साली, कामगारांसाठी. झारचं सरकार तो बंद पाडायचं, की हे लोक दुसऱ्या नावानं काढायचे, आपल्याकडं हॉटेलाचं लायसन गेलं की बायकोच्या नावानं काढतात तसं. पुढं राज्यच यांच्या कम्युनिस्ट पक्षाचं आलं, मग पेपर घरोघरी. (न वाचणारा बी घ्यायचा म्हणे.) एक्याण्णव साली पक्षावर बंदी आली, पेपर बी अडकला. परत निघाला, मधी ग्रीसचे व्यापारी मालक झाले, भांडणं लागली, आता परत पक्षाकडं हाय आणि आठवड्यातून तीनदा निघतो. रशियात घरोघरी रोज वाचतात असं निलंग्यात सांगत फिरता, ते जरा आवरा.

आता सत्कार. पाच मेला रजा टाकली. नारळासाठी अर्धं मॉस्को हिंडलो, मिळाला तो बिनशेंडीचा. असला सत्काराला चालतो का विचारायला फोन लावला, तर गिऱ्हाईक हाय म्हणून तुम्ही ठेवला. आपल्याकडं शाल घेऊन आलेला माणूस सरळ संपादकाच्या केबिनात जातो, चहा पितो, फोटो काढतो. इथं हापिसात शिरल्या शिरल्या कोट ठेवायची खिडकी. तिथल्या बाईनं माझा कोट घेतला, शाल बी घेतली, दोन्ही खुंटीला अडकवलं आणि मला बिल्ला दिला. पहारेकरी नारळाकडं लांबूनच बघायला लागला. हे काय हाय ते दाखवावं म्हणून मी तो पायरीवर फोडला, तर अजून दोन पहारेकरी आले. शेवटी समजलं, बिल्डिंगच चुकली. ते पाइप विकणाऱ्या कंपनीचं हापिस होतं.

शाल वापस आणायची कशाला? त्या खिडकीवाल्या बाईच्याच खांद्यावर घातली. आजवर आपण दुसऱ्यांचे कोट सांभाळले, आपल्या अंगावर कुणी काही घातलं न्हाई, असं म्हणून ती रडली. फोटो सोबत हाय. तुम्हीच म्हणता ना, पेपर कामगाराचा. मग सत्कार कामगाराचा झाला, आता शब्द पाळा.

तुमचा,
मन्मथ

ता. क. रविवारी उदगीरचे पाहुणे अंजूला बघायला यायलेत असं कळलं. त्यांना येऊ नका म्हणा.

ता. क. दुकानात बसवण्णांच्या शेजारी काचेत लावलेलं प्रावदाचं पान अंजूनं मला व्हिडिओवर दाखवलं. अग्रलेख म्हणून त्याला तुम्ही दर साली हार घालता, गिऱ्हाइकांना उभं करून भाषण देता. मला आता ही अक्षरं वाचता येतात. ते टीव्हीच्या कार्यक्रमांचं पान हाय, खाली हवामान. अजून निलंग्यात कुणाला सांगितलं न्हाई. रविवारपर्यंत सांगणार बी न्हाई.

ता. क. पेपरच्या नावाचा अर्थ ‘सत्य’, हे तुम्हीच शिकवलं. लाल सलाम.