हेल्मेट क्रमांक सात

३ मार्च
आलो एकदाचा! साइट झकास आहे. इमारत बारा मजली होणार, सध्या तळघराचंच काम चाललंय. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, पण खिडकी मोठी आणि पंखा चक्क फिरतो. वीस वर्षं वही-पेनाने कामं तपासली, आता हेल्मेटला कॅमेरा आणि हातात टॅब. माझं हेल्मेट क्रमांक सात; ते जवळ असेल तरच टॅबवर नोंद करता येते किंवा रद्द होते. सळया बघायच्या, ‘तपासलं’ दाबायचं. मुख्य ऑफिसातल्या मॅडम दुसऱ्या शहरातून पडद्यावर फोटो बघून मंजुरी देतात, मगच काँक्रीट. मुकादम त्यांना पडदाबाई म्हणतो, अर्थात कॅमेरा बंद असताना. तीन महिने नीट काढले की नोकरी कायम. मग हिला आणि लेकीला इकडेच आणेन.

५ मार्च
ऊन मी म्हणत होतं. तिसऱ्या खांबाच्या सळया जेवणानंतर बघू म्हणून जरा टेकलो, तर डोळाच लागला. उठून बघतो तो टॅबवर नोंद तयार: तिसरा खांब, तपासला, हेल्मेट सात. सोबत अठरा फोटो. हेल्मेट तर माझ्या उशाशी होतं. मॅडमनी फोन करून तोंडभर कौतुक केलं. दोन सळयांमधलं चुकलेलं अंतर मी बरोबर पकडलं म्हणे. खरं सांगायला हवं होतं. ‘हो, मीच केलं’ म्हणून मोकळा झालो.

९ मार्च
रोज हेच. मी शिडीपाशी पोचायच्या आत नोंद झालेली असते. मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, साहेब, आत्ताच तर तुम्ही वर होतात. सकाळी जरा चिडचिड करता, पण दुपारचे तुम्ही म्हणजे देवमाणूस. दुपारचा मी! गवंडी त्याच्याशी हसतात, माझ्याशी कामापुरतं बोलतात. एका फोटोत त्याचा हात आलाय. माझाच, अंगठ्यावरच्या व्रणासकट. फक्त नखं स्वच्छ. भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला, तोही माझाच.

१२ मार्च
हिचा फोन. आवाज लाजरा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी असायचा तसा. म्हणाली, दुपारी किती छान बोललात, लेकीचं गणितसुद्धा घेतलंत. मी दुपारी फोन केलाच नव्हता. सांगणार होतो, तेवढ्यात ती हसली. माझ्याशी बोलताना अशी शेवटची कधी हसली, आठवेना. अंगाचा तिळपापड झाला. नाव माझं, व्रण माझा, बायको माझी, आणि वाहवा त्याची.

१४ मार्च
मॅडमना सांगून टाकलं, त्या नोंदी माझ्या नाहीत. त्या हसल्या. म्हणाल्या, किती तो विनय, तीन महिने कशाला थांबायचं, कायम केल्याचं पत्र आजच काढलंय. हिला फोन लावला. ती दुसऱ्या कॉलवर — तासभर.

१५ मार्च, सकाळ
आज लिफ्टच्या खड्ड्यात काँक्रीट. ओतण्याआधी खाली उतरून आत कोणी राहिलं नाही ना, ते बघायचं असतं. ही एक तरी तपासणी माझी! त्याला करता येऊ नये म्हणून हेल्मेट ऑफिसात कुलूपबंद केलं आणि कोणाला न सांगता उतरलो. तळाशी सळयांत बसून लिहितोय. येऊ दे त्याला.

दहा वाजले. आला नाही.

शिडी — कोणीतरी वर ओढून घेतली. हाका मारल्या. पंपाचा आवाज —

टॅबवर नोंद. हेल्मेट सात. खड्डा तपासला, आत कोणी नाही. फोटो वरून काढलेला. मी बसलोय तिथे — नुसत्या सळया.

मॅडमची मंजुरी आली. सोबत शाबासकी.

‘रद्द’ दाबलं. टॅब हेल्मेट मागतोय. हेल्मेट कुलपात —

हिचा मेसेज. निघालो आम्ही, स्टेशनवर घ्यायला याल ना. खाली उत्तर गेलेलं, माझ्या नावाने: कधीचा वाट बघतोय.

काठावर कोणीतरी वाकलंय. पाइप धरलाय. नखं स्वच्छ —

ओरडून सांगतोय, सात मी आहे, तो नाही, मीच —